मोहाचं वय

पहाटे साडेतीन

आजी हाक मारत नाही, टोपली भिंतीला आपटते. चैत्रात आमच्या घराला तेवढी खूण पुरते.

जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या रस्त्याच्या आजूबाजूला जे पाडे विखुरलेले आहेत त्यांतला एक आमचा. एरवी मी नाशिककडच्या एका वाइनरीच्या प्रयोगशाळेत काम करते. रसातली साखर, आम्ल, पीएच मोजायचा, टाक्यांतले आणि ओकच्या पिंपांतले नमुने काढायचे, चव बघून टिपून ठेवायची, हा माझा रोजगार. मार्चमध्ये तिकडे द्राक्षांची तोडणी उरकत येते आणि इकडे मोह पडायला लागतो. मी सुट्टी टाकून घरी येते ती याच दिवसांत. दिवाळीला आले नाही तर चालतं, मोहाला आले नाही तर आजी वर्षभर ऐकवते.

निघताना दुरड्या, बॅटरी आणि पाण्याची बाटली. वाटेत कोणी बोलत नाही, कारण कुठल्या झाडाखाली आधी बसायचं हे कानाने ठरवायचं असतं. फुलं रात्री सुटायला लागतात. वाळल्या पानांवर पडताना त्यांचा जाड, ओला आवाज येतो. ज्या झाडाखाली तो भराभर येतो, ते आज भरात आहे.

पावणेपाच

वर वटवाघळांची शेवटची भांडणं चालू आहेत. त्यांना कोणी हाकलत नाही. मोहाचं फूल फिकं, उग्र वासाचं आणि रात्रीचं असतं ते त्यांच्यासाठी. गोड गर खाता खाता ती परागकण एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात, आणि पुढे जे फळ धरतं, ज्याच्या बियांचं तेल आम्ही काढतो, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

बॅटरीच्या उजेडात एक फूल उचलून बघा. रंग मलईचा, आकार करंगळीच्या पेराएवढा. साल जाड, आतून पोकळ, दोन्हीकडे भोक. आतल्या भिंतीला तुसासारखे बारीक पुंकेसर. देठाकडचा तपकिरी, मखमली भाग झाडावरच राहतो आणि हा रसाळ गर तेवढा खाली येतो. बोटात दाबला की चिकट रस सुटतो. जिभेवर आधी गोड, मग थोडा तुरट, आणि गिळल्यावर नाकात मागून येणारा एक रानवट वास, जो बराच वेळ जात नाही. वाइनरीत आम्ही याच मागून येणाऱ्या वासाची वाट बघत घोट तोंडात धरून ठेवतो. चांगल्या वाइनची पहिली परीक्षा तीच: गिळल्यानंतर ती किती वेळ थांबते.

उकिडवं बसायचं, दोन्ही हातांनी वेचायचं, बसल्या बसल्याच पुढे सरकायचं. तासाभरात कंबर बोलायला लागते. आजीची बोलत नाही. तिचे हात माझ्या दुप्पट वेगाने चालतात आणि तिच्या दुरडीत पान नाही, काडी नाही, खडा नाही.

आमच्या झाडांखालची जागा आजी हंगामाच्या आधी झाडून काढते. काही ठिकाणी लोक पाला पेटवतात. काम झटपट होतं, जमीन मोकळी दिसते, पण आग रानात शिरली की वणवा होतो, आणि राखेत पडलेलं ओलं फूल धूर आणि माती दोन्ही पिऊन घेतं. तो वास पुढे कशानेही जात नाही. आता झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलायची पद्धतही येते आहे, ती मला पटते. फळात पहिल्या तासाला जे शिरलं ते शेवटच्या घोटापर्यंत राहतं, हे मी टाक्यांपाशी उभी राहून शिकले आणि आजी झाडाखाली बसून.

झाडं रानात असली तरी प्रत्येक झाडाचं घर ठरलेलं आहे. कागद नाही, कुंपण नाही, तरी दुसऱ्याच्या मोहाखालचं फूल कोणी उचलत नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क लेखी दिला, पण पाड्यावरची ही वाटणी त्याच्याही फार आधीची.

साडेसात

उजाडल्यावर मोह दिसतो. जुनी पानं गळून गेलेली, फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके आणि मध्येच तांब्याच्या रंगाची कोवळी पालवी. फुलं अजून पडताहेत, पण विरळ. ऊन चढलं की मुंग्या येतात, म्हणून हात उचलायचा.

आजी आता दुरड्या वेगळ्या करते. आमची तीन मोठी झाडं आहेत: एक ओहोळाच्या काठाला, एक बांधावर, एक वरच्या खडकावर. ओहोळाकाठचं फूल टपोरं असतं, दिसायला देखणं. खडकावरचं बारीक, थोडं सुरकुतलेलं. नवखा माणूस टपोऱ्या फुलाला हात घालेल. आजी म्हणते, "बाय, त्यात पाणी हाय. गोडी खडकावल्यात हाय."

नाशिकच्या बागांत हीच गोष्ट उलट्या टोकाने दिसते. आमच्या मोखाड्या-जव्हारच्या टोळ्या दर वर्षी तिकडे छाटणीला, विरळणीला, डिपिंगला जातात. खायच्या द्राक्षाचे घड जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवतात, म्हणजे मणी लांब होतो, फुगतो, बाजारात भाव खातो. वाइनच्या द्राक्षाला हे करायचं नसतं. त्याचा मणी बारीकच हवा, कारण लाल वाइनचा रंग आणि टॅनिन सालीतून येतात. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. आणि टॅनिन म्हणजे वाइनचा कणा. वीस वर्षं टिकणारी वाइन आणि दोन वर्षांत पडणारी वाइन यांतला फरक बराचसा त्या सालीत आणि आम्लात ठरतो. दोन्ही बागांत हात चालवलेल्या आमच्या पाड्यावरच्या बायकांना हे कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत आहे. वाइनच्या बागेत त्या म्हणतात, "हे द्राक्ष खायचं नाय, हे मुरायचं."

नऊ

घरी येऊन नाचणीची भाकरी आणि उकडलेला मोह खाल्ला, की खळ्यावरचं काम सुरू होतं. दिवसातलं हेच काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

शेणाने सारवलेल्या खळ्यावर बांबूच्या तट्ट्या अंथरलेल्या आहेत. त्यांवर फूल एकेरी थरात पसरायचं. ढीग झाला की खालचं फूल स्वतःच्याच पाण्यात गरम होतं, आंबतं, आंबूस वास सोडतं. तट्टी जमिनीपासून वीतभर उचललेली असली तर खालूनही वारा लागतो. आजोबा होते तोवर ते त्यासाठी दगड लावत, आता काका लावतात. पहिल्या दिवशी फूल मलूल पडतं आणि पिवळसर होतं. दुसऱ्या दिवशी कडा तांबूस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते आक्रसून लालसर तपकिरी होतं आणि खळ्यावर मनुकांचा वास दरवळतो. चार-पाच टोपल्या ओल्या फुलांची जेमतेम एक टोपली उरते. ताज्या फुलातलं बहुतेक वजन पाण्याचं. ते गेलं की साखर राहते, आणि ती वाळल्या फुलाच्या निम्म्याच्या आसपास भरते.

इटलीच्या उत्तरेला वेरोना शहराजवळ वाल्पोलिचेल्ला नावाचा डोंगराळ टापू आहे. तिथली अमरोने ही लाल वाइन जगातल्या मोठ्या वाइनमध्ये गणली जाते. आमच्या वाइनरीत एका सहकाऱ्याने आणलेली बाटली उघडली तेव्हा मी ती पहिल्यांदा चाखली, आणि वास घेताक्षणी मला आमचं खळं आठवलं. कारण नंतर कळलं. अमरोनेची द्राक्षं तोडल्यावर लगेच चिरडत नाहीत. कोर्विना, कोर्विनोने, रोंदिनेल्ला या जातींचे सुटसुटीत घड निवडून, हवेशीर माळ्यांवर, एकेरी थरात सुकवत ठेवतात. जुन्या पद्धतीत त्यासाठी बोरूच्या किंवा बांबूच्या तट्ट्या असत, कित्येक ठिकाणी अजून असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडलेला घड साधारण तीन-चार महिने तिथे पडून राहतो, एक तृतीयांशाहून अधिक वजन गमावतो, आणि ऐन थंडीत त्याची वाइन आंबवायला घेतात. सुकवलेल्या द्राक्षांच्या त्या भागातल्या वाइनबद्दल रोमन लेखक कॅसिओडोरसने सहाव्या शतकात लिहून ठेवलं आहे, म्हणजे युक्ती जुनी आहे. साखर दाटते म्हणून मद्यार्क चौदा टक्क्यांच्या वर जातो. पण दाट होणं एवढीच ती गोष्ट नाही. सुकताना फळ आतून बदलतं. काही आम्लं कमी होतात, काही वास मरतात, काही नवे जन्मतात. ताज्या चेरीच्या वासाच्या जागी सुकलेली चेरी, अंजीर, कोको असे वास येतात. बाटलीत जाण्याच्या कितीतरी आधी, तट्टीवरच, त्या वाइनचा स्वभाव घडलेला असतो.

त्यांचा शत्रूही आमचाच: दमट हवा. माळ्यावर वारा पडला की बुरशी धरते, घड फेकावा लागतो. म्हणून तिथे आता मोठे पंखे लावतात आणि हवेतली आर्द्रता मोजतात. आमच्याकडे आजी सकाळी आभाळाकडे बघते. एप्रिलमध्ये अवेळी ढग आले की सगळं घर खळ्यावर धावतं.

साडेअकरा

पाणी. विहीर आटत आली आहे, म्हणून झऱ्यापर्यंत जायचं. मुंबईची तहान भागवणारी वैतरणेची धरणं याच डोंगरांत आहेत आणि मोखाड्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. मोहाच्या दिवसांत बाईचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू झालेला असतो, हे पाण्याच्या रांगेत उभं राहिल्यावर कळतं. दोन खेपा झाल्या. तिसरी संध्याकाळी.

दुपारी एक

बाहेर उभं राहवत नाही. घरात, कुडाच्या आड, कणगीपाशी गारवा आहे. मी आजीला गेल्या सालचा मोह दाखवायला सांगते.

ती कणगीचं तोंड उघडते. वरचा थर बाजूला सारून आतली मूठभर फुलं काढते आणि माझ्या ओढणीच्या पांढऱ्या काठावर ठेवते. शेजारी मी या वर्षीची, चार दिवसांपूर्वी सुकलेली ठेवते. वाइनचं वय आम्ही असंच बघतो: पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरायचा आणि कडेचा रंग पाहायचा. तरुण लाल वाइन कडेपर्यंत जांभळट किंवा माणकासारखी असते. वय वाढलं की ती डाळिंबी होते, मग विटकरी, मग कडेला नारिंगी पाणी दिसायला लागतं. बारोलो ही नेब्बिओलो द्राक्षाची इटालियन वाइन तर फार लवकर विटकरी दिसू लागते, पण त्या फिक्या रंगाला फसू नये. तोंडात घेतली की तिचं टॅनिन हिरड्या आवळतं. काळाबरोबर टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात, मोठे होतात, काही साका होऊन तळाशी बसतात, आणि आवळणारा घोट मऊ होतो. म्हणूनच तिथल्या नियमाने बारोलो किमान ३८ महिने मुरल्याशिवाय विकता येत नाही, त्यांतले १८ महिने लाकडात. रिझर्व्हा म्हणायची तर ६२ महिने. सांजोवेसे द्राक्षाची ब्रुनेल्लो दि मोंतालचिनो तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षीच्या १ जानेवारीआधी बाजारात येत नाही. ही घाई न करण्याची शिस्त कायद्यात बसवली आहे, याचा मला फार आदर वाटतो.

ओढणीवरची नवी फुलं तांबूस तपकिरी आहेत, दाबली की थोडी लवचिक. जुनी जवळजवळ काळी, चिवट, एकमेकांना चिकटलेली. साखर आणि अमिनो आम्लं संथपणे एकमेकांवर काम करत राहतात आणि फूल गडद होत जातं. वासातला फरक रंगाहून मोठा आहे. नव्यात अजून झाड आहे: तो रानवट, नाकात शिरणारा उग्रपणा. जुन्यात तो खाली बसला आहे. गूळ, खजूर, किंचित तंबाखूच्या पानासारखं काहीतरी वर आलं आहे. आजी दोन्ही हुंगते आणि जुन्याकडे बोट करते. "आता ह्यो मोह झाला. त्यो नुसता फूल हाय."

इथे इटलीची वाट आणि आमची वाट वेगळी होते, आणि ते नीट सांगायला हवं. द्राक्षाची वाइन आंबवून थांबतात. रंग, टॅनिन, आम्ल सगळं तिच्यात राहतं, म्हणून ती बाटलीत म्हातारी होऊ शकते. मोहाचं पेय ऊर्ध्वपातनाचं. वाफ होऊन जे उडतं तेवढंच थेंबाथेंबाने पलीकडे येतं; रंग आणि टॅनिन भांड्यातच राहतात. जे येतं ते पाण्यासारखं नितळ, आणि काचेत ठेवून त्यात फारसं काही वाढत नाही. मग मोहाला वय द्यायचं असेल तर ते भट्टीच्या आधीच द्यायला हवं. आमच्या लोकांनी ते फुलाला दिलं. वाइनचं वय बाटलीत वाढतं, मोहाचं वय कणगीत. सहकाऱ्यांना मी हे सांगते तेव्हा ते मान डोलावतात, पण त्यांना ते लोकजीवनातली एक गंमत वाटते. मला ते तंत्र वाटतं, अमरोनेच्या माळ्याइतकंच विचारपूर्वक घडवलेलं.

आणि ते सोपं नाही. इथे चार महिने मुसळधार पाऊस असतो. वाळलेला मोह हवेतलं पाणी ओढतो, आणि ओढलं की बुरशी. म्हणून कणगी आतून-बाहेरून शेणामातीने लिंपायची, फूल दाबून दाबून भरायचं, म्हणजे आत हवा राहत नाही, तोंड बंद करून चुलीच्या जवळ ठेवायचं. चुलीची ऊब चारही महिने तिला मिळत राहते. ज्या घरात गॅस आला आणि चूल विझली, त्या घरात मोह टिकवणं अवघड झालं आहे, हे मी पाड्यावर पाहते.

सव्वातीन

व्यापाऱ्याचा टेम्पो खालच्या फाट्यावर उभा आहे. काका दोन गोण्या घेऊन निघतात, मी सोबत.

सुकलेल्या मोहफुलाचा केंद्राचा हमीभाव २०२० साली किलोला १७ रुपयांवरून ३० झाला. फाट्यावर मात्र फूल कसं आहे हे कोणी बघत नाही. ओहोळाकाठचं, खडकावरचं, राखेतलं, तट्टीवरचं, सगळं एकाच गोणीत, एकाच वजनात. हंगामात घरं पैशांसाठी विकतात आणि पावसाळ्यात लागलं तर तेच फूल चढ्या भावाने परत आणतात. साठवायची ताकद असलेल्याला वयाचा पैसा मिळतो. वय देण्याचं ज्ञान असलेल्याला मिळत नाही.

याला इतिहास आहे. इंग्रजांच्या काळात मोखाडा ठाणे जिल्ह्यात होता आणि जव्हार मुकणे घराण्याचं संस्थान. १८९२ साली मुंबई सरकारने खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा कायदा केला आणि घरात फूल बाळगण्यावरच मर्यादा घातली. दारूचा महसूल ठेकेदाराच्या भट्टीतून यावा, घरच्या चुलीवरून जाऊ नये, हा त्याचा हेतू. जे फूल दुष्काळात माणसांचं पोट भरायचं आणि बैलाला पण घातलं जायचं, ते घरात असणं गुन्ह्याच्या जवळ गेलं. पुढे १९२२च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची चळवळ आदिवासी भागांत पसरली आणि असंख्य लोकांनी आपणहून दारू सोडली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी तिच्यावर सबंध पुस्तक लिहिलं आहे. दारूने घरं बुडतात हे आमच्या लोकांना कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती, हे त्या चळवळीत दिसतं. १९४९च्या दारूबंदी कायद्याने घरची भट्टी बंद ठरवली, आणि ती आजही बंद आहे.

हाच कायदा चालवणाऱ्या महाराष्ट्राने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाइनला करात सवलती दिल्या, आणि नाशिक वाइनचं शहर झालं. त्या धोरणाच्या जिवावर माझी नोकरी आहे, आणि ते चांगलं धोरण होतं असंच मी म्हणेन. अकलूजकडे इटालियन आणि भारतीय भावांनी मिळून फ्रातेल्ली ही वाइनरी उभी केली, तोस्कानाहून पिएरो मासी वाइन करायला आले, सोलापूरच्या मातीत सांजोवेसे रुजलं. मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यांवरची बंधनं मात्र महाराष्ट्राने उठवली ती २०२१ साली. द्राक्षाला धोरण मिळाल्यानंतर वीस वर्षांनी फुलाला नुसती मोकळीक मिळाली. मध्य प्रदेशाने मोहाच्या पेयाला वारसा मद्य म्हणून परवाने द्यायला सुरुवात केली आहे. आपल्याकडे ते झालं तर सुरुवात परवान्यापासून करू नये, फुलापासून करावी: कोणत्या गावचं, कोणत्या सालचं, कशावर सुकवलेलं. वाल्पोलिचेल्लाने अमरोनेची प्रतिष्ठा याच प्रश्नांवर उभी केली आणि २०१० साली तिला इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला.

साडेपाच

परत खळ्यावर. उन्हं कलली की फुलं उलटायची. सुपाने पाखडून वाळलेले केसर आणि पालापाचोळा काढायचा. फूल मुठीत घट्ट दाबून सोडायचं: गोळा झाला तर अजून ओलं आहे, सुटं झालं तर कणगीला चालेल. दवाच्या आधी सगळं गोळा करून तट्ट्या आत. पाण्याची तिसरी खेप भावाने केली.

साडेसात

जेवणाआधी आजी पानावर या वर्षीची थोडी फुलं ठेवून धान्याच्या देवीला, कणसरीला, आणि घरच्या देवांना दाखवते. पूर्वी पेयाची धार सोडत. वारली घरांत लग्न, जन्म, मरण, पेरणी यांतलं काहीही त्या धारेशिवाय पुरं होत नसे, आणि ती पोटभर पिण्यासाठी नसे. द्रोणात, थेंबांनी मोजलेली असे.

आजीला मी विचारते, मोहाची चांगली दारू कशी ओळखायची. ती हात धुवत सांगते, आणि मी मनात माझ्या कामाच्या शब्दांत लिहून घेते. पहिल्या धारेची जाळते, तिच्यात तोरा असतो, पण चव मधल्या धारेत असते; शेवटची पाणचट आणि आंबूस. बोटं बुडवून तळव्यावर चोळायची, सुकू द्यायची आणि मग हुंगायचं: वास फुलाचा राहिला तर खरी, जळका राहिला तर घाई केलेली, काहीच राहिलं नाही तर साखरेची. जगभरचे ऊर्ध्वपातन करणारे पहिला भाग वेगळा काढतात, मधला ठेवतात आणि शेवटचा टाकतात. आजी हे शब्द न वापरता तेच सांगते.

मोहाचं नाव बदनाम झालं ते दुसऱ्याच मालामुळे. प्लास्टिकच्या पिंपात काळा गूळ आणि नवसागर घालून चार दिवसांत उरकलेला सडवा, त्यात मोह नावालाही नसतो, आणि तो विकला जातो मोहाची म्हणून. त्यावर धाडी पडतात त्या पडायलाच हव्यात. त्याने माणसं मेली आहेत. पण वाईट दारूची शिक्षा चांगल्या ज्ञानाला होते तेव्हा पुढच्या पिढीकडे फक्त वाईट उरतं. माझ्या वयाच्या पोरांना नवसागर माहीत आहे, कणगी लिंपायची कशी हे माहीत नाही.

नऊ

खालच्या गावात बोहाडा आहे. संबळ वाजायला लागलं आहे, भाऊ मुखवट्यांची सोंगं बघायला कधीचा पळाला. मी आधी गोण्या उरकते.

या वर्षी मी तीन गोण्या वेगळ्या ठेवणार आहे. चिठ्ठीवर झाड, वेचल्याचा दिवस, किती दिवस सुकवलं, कशावर. यातला मोह एक पावसाळा, दोन पावसाळे, तीन पावसाळे ठेवायचा, दर चैत्रात मूठभर काढायचा, रंग, ओलावा आणि साखर मोजायची, आणि आजीने हुंगून काय म्हटलं तेही त्याच वहीत लिहायचं. प्रयोगशाळेचे आकडे आणि तिचं नाक कुठे जुळतात हे मला बघायचं आहे. जुळले तर ती वही घेऊन मी ग्रामसभेत बोलणार आहे.

आजी दिवा धरून उभी आहे. ती चिठ्ठ्या वाचत नाही, फुलं हातात घेते. बांधावरची गोणी बघून मान हलवते: यात परवाची ढगाळ दिवसाची फुलं मिसळली आहेत, ती आतून पुरती सुकलेली नाहीत, दोन पावसाळे तग धरणार नाहीत. गोणी सोडून ती पुन्हा तट्टीवर ओतायला लावते. उद्याचं ऊन लागल्याशिवाय ती भरायची नाही.